टोमॅटोशेजारचा झेंडू, व्हाया साबरमती

परसात ‘फूड फॉरेस्ट’, म्हणजे जंगलासारखी थराथरांची खाण्याजोगी बाग, करायला निघालेल्या माणसाच्या हाती सगळ्यात आधी पडते ती सोबतीच्या झाडांची यादी. टोमॅटोजवळ झेंडू आणि तुळस, गाजराच्या ओळीत कांदा, गुलाबाच्या बुडाशी लसूण. बडीशेप मात्र सगळ्यांपासून चार हात लांब. ही यादी मोबाइलवर फिरते, नर्सरीवाला सांगतो, कार्यशाळेत छापून मिळते. तिचा माग काढत गेलं की १९६६ साली अमेरिकेत निघालेलं एक पुस्तक लागतं, ‘कम्पॅनियन प्लांट्स अँड हाउ टू यूज देम’. लेखक दोन: हेलन फिलब्रिक आणि रिचर्ड ग्रेग. दुसरं नाव वाचून मी उडालोच. हा ग्रेग मला माहीत होता तो चरख्यामुळे!

रिचर्ड बार्टलेट ग्रेग हा हार्वर्डमध्ये शिकलेला वकील. अमेरिकेतल्या रेल्वे कामगारांच्या बाजूने काम करत असताना १९२२चा संप त्याने जवळून पाहिला, गांधींविषयी वाचलं आणि १९२५च्या सुरुवातीला थेट साबरमती गाठली. आश्रमात त्याचा ‘गोविंद’ झाला. पुढे सिमल्याजवळ कोटगढला सत्यानंद स्टोक्स यांच्या शाळेत त्याने शिकवलं. त्याचं ‘द पॉवर ऑफ नॉनव्हायोलन्स’ मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापर्यंत पोचलं. १९५९च्या आवृत्तीला प्रस्तावना किंग यांचीच आहे. अहिंसेवर लिहिणारे इथे थांबतात आणि बागेवर लिहिणारे १९६६पासून सुरुवात करतात. मधला सांधा कोणी जुळवायचा?

तो सांधा, माझ्या मते, १९२८च्या ‘इकॉनॉमिक्स ऑफ खद्दर’ या पुस्तकात आहे. खादीवर लिहिताना ग्रेग देशभक्तीने सुरुवात करत नाही, ऊर्जेचा हिशेब मांडतो. उन्हावर पीक येतं, पिकावर माणूस पोसला जातो. शेतात काम नसलेल्या महिन्यांतही तो जेवतोच, पण त्याच्या अंगातली ताकद कुठेच लागत नाही. गिरणी कोळसा जाळते, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी साठलेलं ऊन, गाठीची पुंजी खर्च करते. चरखा मात्र यंदाचंच ऊन कामाला लावतो, जे एरवी वाया गेलं असतं. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पाही याच चालीने विचार करत होते: निसर्गात जे वाहतं आहे त्यावर जगायचं, साठ्याला जपून हात लावायचा.

आता हाच हिशेब बागेत मांडून पाहा. साडेसात मीटर अंतरावर माड लावले, तर त्यांची कामाची मुळं बुंध्यापासून जेमतेम दोन मीटरच्या घेरात असतात. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश जमीन रिकामी, आणि झावळ्यांमधून खाली येणारं ऊनही बिनकामाचं. रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राची ‘लाखी बाग’ याच रिकाम्या जागेवर उभी आहे: माडावर काळी मिरीचा वेल, मधल्या जागेत जायफळ आणि दालचिनी. ग्रेगचा रिकामटेकडा शेतकरी आणि माडाखालचं रिकामं ऊन यांचं गणित एकच. साबरमतीत हे गणित पक्कं झालेला माणूस पुढे एका वाफ्यात दोन-तीन पिकं नांदवण्याच्या मागे लागला, याचं मला तरी नवल वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप बायोडायनॅमिक शेतीवाल्यांचा असणार: यादी मुळात आमची. आणि तो वजनदार आहे. १९२४मध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या कोबरविट्झ इथे रुडॉल्फ स्टायनर यांनी शेतीवर व्याख्यानं दिली, त्यांतून ही शेती निघाली. त्यांचे अनुयायी एरनफ्रीड फायफर वनस्पतींचे रस कॉपर क्लोराइडमध्ये मिसळून स्फटिक कसे पडतात ते पाहत आणि त्यावरून कोणाला कोण मानवतं ते ठरवत. फिलब्रिक-ग्रेगच्या पुस्तकातला पुष्कळ मजकूर या मंडळींकडून आला आहे. कबूल. यादीचा कच्चा माल जर्मन आहे. पण स्टायनरपंथी पुष्कळ होते. ती विखुरलेली निरीक्षणं घरच्या बागेत वापरता येतील अशी मांडण्यात गांधींचा माणूस का रमला, याचं उत्तर कोबरविट्झमध्ये नाही.

दुसरा आक्षेप घरचाच: पाभरीमागे मोघा बांधून ज्वारीत तूर पेरणाऱ्याला हे कोणी शिकवलं? कोणीच नाही. मक्यावर घेवडा चढवून खाली भोपळा पसरवणाऱ्या अमेरिकेच्या मूलनिवासींनाही नाही. पिकांची सोबत जगभर जुनी आहे. मी बोलतोय ते यादीबद्दल.

यादीपलीकडचा आणखी एक धागा मला फार मोहवणारा होता: फूड फॉरेस्टचे मजलेही गांधींकडूनच आले का? एकावर एक सात मजल्यांच्या अशा बागेचा आराखडा सगळीकडे नेला तो इंग्लंडमधल्या रॉबर्ट हार्टने. श्रॉपशायरमधली त्याची वनबाग आपल्या मापाने पाच गुंठ्यांची, आणि तोही गांधींचा चाहता! त्याचा दुसरा गुरू जपानचा तोयोहिको कागावा, आणि कागावा जानेवारी १९३९मध्ये बारडोलीला गांधींना भेटला होता. पण इथे तारखा आड येतात. झाडं, जनावरं आणि पिकं एकत्र धरणारी कागावाची ‘त्रिमितीय शेती’ या भेटीच्या आधीची, आणि तिचं मूळ अमेरिकी लेखक जे. रसेल स्मिथ यांच्या १९२९च्या ‘ट्री क्रॉप्स’ या पुस्तकात. तेव्हा मजले अमेरिकेचे, यादी साबरमतीकडून; १९७८ साली टास्मानियात मोलिसन आणि होल्मग्रेन यांनी ‘पर्माकल्चर’ हे नाव रूढ केलं आणि पुढे या दोन्ही गोष्टी एका छपराखाली आल्या.

आता यादी कितपत खरी? झेंडूच घेऊ. त्याच्या मुळांतलं अल्फा-टर्थायनिल सूत्रकृमींना मारतं, हे डच रसायनशास्त्रज्ञांनी १९५८मध्ये दाखवलं. पण टोमॅटोच्या शेतात झेंडूचं काम वेगळंच आहे. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची शिफारस अशी: टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक, टोमॅटोचं रोप पंचवीस दिवसांचं आणि झेंडूचं पंचेचाळीस दिवसांचं. वीस दिवसांचा हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे, कारण टोमॅटो फुलावर येईल तेव्हा झेंडूही फुललेला हवा. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग मग झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालतो आणि टोमॅटो बराचसा सुटतो. झेंडू किडीला हाकलत नाही, बोलावून घेतो. रोपं मागंपुढं झाली की डाव फसू शकतो. यात कोणाची कोणाशी मैत्री नाही. वेळेचा आणि जागेचा चोख हिशेब आहे. यादीतला जो भाग असा हिशेबावर उभा आहे तो टिकला. ‘अमक्याला तमका आवडतो’ एवढ्यावर बेतलेला भाग पुन्हापुन्हा तपासून घ्यावा लागतो.

म्हणून परसात फूड फॉरेस्ट करणाऱ्याने यादी बाजूला ठेवावी आणि आधी खादीवाल्या ग्रेगचा धडा गिरवावा. भर दुपारी फणसाखाली जाऊन किती कवडसे जमिनीवर पडतात ते पाहावं. पडत असतील तर हळद, अळू, सुरण लावावं आणि खोडावर मिरीचा वेल चढवावा. पडत नसतील, तर नवीन रोप विकत आणण्याआधी खालच्या फांद्या उतरवाव्यात.