स्टॅग, एमॉस अलॉन्झो
(१६ ऑगस्ट १८६२–१७ मार्च १९६५). अमेरिकन फुटबॉलच्या प्रारंभकाळातील प्रशिक्षक. जन्म न्यू जर्सी राज्यातील वेस्ट ऑरेंज येथे. येल विद्यापीठाचा खेळाडू म्हणून १८८९ च्या पहिल्या अखिल अमेरिकन संघात निवड (→ कँप, वॉल्टर). स्प्रिंगफील्ड येथे प्रशिक्षण दिल्यानंतर १८९२–१९३२ या काळात शिकागो विद्यापीठाचे प्रशिक्षक. वयाच्या सत्तराव्या वर्षी सक्तीच्या निवृत्तीनंतर कॅलिफोर्नियातील पॅसिफिक महाविद्यालयात १९४६ पर्यंत कार्य. त्यांच्या शिकागो संघाने विभागीय संघटनेची सात विजेतेपदे मिळविली. १९०५ व १९१३ मध्ये तो अपराजित होता. पकडीच्या सरावासाठी भरीव पुतळा वापरण्याच्या पद्धतीचे श्रेय त्यांना दिले जाते. १८९२ मधील पहिल्या जाहीर बास्केटबॉल सामन्यातही ते खेळले (→ बास्केटबॉल). त्यांच्या नावाच्या शिकागोतील क्रीडांगणाच्या प्रेक्षकसज्जाखाली १९४२ मध्ये पहिली नियंत्रित अणुकेंद्रीय शृंखला विक्रिया घडविण्यात आली (→ फेर्मी, एन्रीको). १९५१ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मान दालनात खेळाडू व प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी समावेश. स्टॉक्टन येथे निधन.