साताऱ्याची ‘प्रिया’ आणि प्लगवरचा आकडा

१/ परवाना-राजचा इतिहास आपण बहुधा पंचवार्षिक योजनांच्या अहवालांतून वाचतो. आज तो स्कूटरच्या एका काळवंडलेल्या स्पार्क प्लगवरून वाचू. स्कूटर मात्र साताऱ्यात घडलेली.

२/ १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी ‘महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड’ स्थापन केली. महामंडळाचा वाटा २७ टक्के, बजाजचा २४. साताऱ्याच्या कारखान्यातून ‘प्रिया’ बाहेर पडू लागली. इटलीच्या पियाज्योशी असलेला बजाजचा करार १९७१ मध्येच संपला होता. तरी पत्र्याचा सांगाडा, हँडलवरचे गिअर आणि उजव्या कुशीतले १५० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन हा सारा व्हेस्पाचाच वारसा होता.

३/ त्या काळात स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहावी लागे. हाती आलेले यंत्र बिघडले म्हणून दुसरे आणणे शक्य नव्हते. म्हणूनच डिकीत एक जादा प्लग आणि प्लग-पाना असे. स्कूटर आडवी करून किका मारण्याची थट्टा पुष्कळ होते. प्लग ओळखण्याच्या विद्येची आठवण मात्र कुणी काढत नाही.

४/ टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलसोबतच जळते, त्यामुळे प्लगवर काजळी धरते आणि ठिणगी मरते. काढलेल्या प्लगचे टोक म्हणजे इंजिनाची दैनंदिनीच. फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. कोरडे काळे म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट म्हणजे तेल जास्त किंवा प्लग फार ‘थंड’. पांढरे, भाजल्यासारखे असेल तर सावध व्हावे.

५/ ‘थंड’ प्लग आपली उष्णता लवकर सोडतो, ‘गरम’ प्लग ती धरून ठेवतो. राजवाडा ते पोवई नाका एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत फार थंड प्लग काजळीने भरेल. दोघांना घेऊन खंबाटकी घाट चढणाऱ्या गाडीत फार गरम प्लग स्वतःच निखारा होऊन मिश्रण अवेळी पेटवेल. परिणामी पिस्टनला भोक पडू शकते. ज्या घरात ती एकच गाडी, त्या घराला ही चूक केवढ्याला पडत असेल!

६/ आता इतिहासाच्या विद्यार्थ्याला आवडेल असा मुद्दा. ही उष्णता आकड्यांत लिहितात, पण आकड्याची दिशा एक नाही. बॉशच्या जुन्या पद्धतीत (बेंगळुरूच्या ‘मायको’चे प्लग याच घराण्यातले) मोठा आकडा म्हणजे थंड: डब्ल्यू-२२५ हा डब्ल्यू-१७५ पेक्षा थंड. बॉशच्याच नव्या पद्धतीत उलटे, मोठा आकडा गरम. चॅम्पियनमध्येही मोठा गरम. एनजीकेमध्ये मोठा थंड. केवळ ‘एक नंबर वरचा द्या’ असे दुकानात सांगणे म्हणजे शक की इसवी सन हे न पाहता साल उतरवून घेणे.

७/ बसवण्याची रीत साधी. इंजिन थंड होऊ द्यावे, कारण हेड ॲल्युमिनियमचे असते. भोवतालची धूळ आधी झटकावी, नाहीतर ती सिलिंडरात जाते. आट्यांची लांबी जुन्या प्लगएवढीच हवी. लांब प्लग पिस्टनवर आदळू शकतो. फट सुमारे ०.६ मिमी, फीलर गेजने मोजलेली. प्रथम हातानेच फिरवावा, अडला तर पान्याने रेटू नये. वॉशर टेकल्यावर नव्या प्लगला पाव ते अर्धा फेरा पुरे.

८/ २००० सालापासून धुराचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोकचे दिवस भरले. २००६ मध्ये साताऱ्यातले स्कूटर-उत्पादन थांबले.

९/ आमच्या घरी आजोबांच्या डब्यात तीन जुने प्लग आहेत. दोन ‘मायको’चे. तिसऱ्यावर आकडा शाबूत आहे, पण कंपनीचे नाव झिजून गेले आहे. तो गरम की थंड, हे त्या आकड्यावरून ठरत नाही.