चोथ्याचा हिशेब : दक्षिण अर्काटचा भुईमूग ते लातूरचं सोयाबीन

या मालिकेत आपण लढायांवर बरंच बोललो. आज विषय जरा वेगळा आहे : इथेनॉल काढून झाल्यावर उरणारा चोथा आणि तो खाणारी गुरं. विषय पेंडीचा असला तरी गोष्ट इतिहासाची आहे, आणि ती मी राहतो त्या चेन्नईजवळूनच सुरू होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रास इलाख्यातल्या दक्षिण अर्काट जिल्ह्यात भुईमुगाचं पीक फोफावलं. शेंगा पाँडिचेरी बंदरातून फ्रान्सच्या मार्सेला जात. तेल तिथे निघे, साबणाचे कारखाने चालत आणि उरलेली पेंडही युरोपातच राही. 1889 साली सरकारने जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाला हिंदुस्थानची शेती पाहायला पाठवलं. 1893 च्या अहवालात त्याने बजावलं, की तेलबिया अख्ख्या बाहेर गेल्या की जमिनीचा कसही त्यांच्याबरोबर जातो. पेंड म्हणजे गुरांचं खाद्य आणि शेताचं खत. तेलाचा हिशेब सगळ्यांनी मांडला, उरलेल्याचा फार थोड्यांनी.

याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये दुसरा प्रकार घडत होता. दारूच्या भट्ट्यांमधून धान्याचा गरम, पातळ चोथा निघे. तो लांब नेणं परवडत नसे आणि लगेच नासे. म्हणून गायीच भट्टीला चिकटून बांधल्या. त्या आजारी पडत आणि त्यांचं निळसर दूध शहरात विकलं जाई. 1858 मध्ये फ्रँक लेस्ली यांच्या साप्ताहिकाने हे उघडकीला आणलं. आज अमेरिकेत नेब्रास्कासारख्या राज्यात मांसासाठी गुरं पोसणारे मोठे गोठे इथेनॉल कारखान्यांच्या आसपास दिसतात, त्यामागेही तोच हिशेब आहे. ओल्या चोथ्यात दोन तृतीयांश पाणी. सुकवायचा तर इंधन जळतं, ओला न्यायचा तर ट्रक पाणीच वाहतो. फरक एवढाच, की आता चोथा मोजूनमापून, इतर खाद्यात मिसळून देतात.

आता आपल्याकडे येऊ. आपला महाराष्ट्र इथेनॉल म्हटलं की ऊस आणि मळी एवढंच ओळखतो. पण मळीच्या इथेनॉलनंतर जे स्पेंट वॉश उरतं, ते काही दावणीला घालता येत नाही. धान्याचं तसं नाही. 2018 च्या जैवइंधन धोरणाने खराब धान्याला दार उघडलं. पुढे 20 टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट 2030 वरून 2025-26 वर आणलं. डिसेंबर 2023 मध्ये सरकारने उसाच्या रसावर बंधनं घातली, आणि कारखाने मक्याकडे वळले.

एक टन मक्यापासून सुमारे 380 लिटर इथेनॉल निघतं. 2023-24 मध्ये मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला 71 रुपये 86 पैसे होता. म्हणजे टनाला सुमारे 27,300 रुपये. 2024-25 च्या आधारभावाने, क्विंटलला 2,225 रुपयांनी, मका 22,250 रुपयांचा. उरलेल्या पाच हजारांत कोळसा, वीज, पगार आणि कर्जाचं व्याज. मका आधारभावापेक्षा महाग झाला की हा फरकही आटतो. मग कारखाना तरतो तो चोथ्यावर. टनामागे साधारण 300 किलो सुका चोथा मिळतो. बाजारात त्याला डीडीजीएस म्हणतात.

पिठूळ भाग इथेनॉलमध्ये जातो, म्हणून उरलेल्यात बाकी सगळं तिप्पट होतं. मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के, तर चोथ्यात 27-28. सोयापेंडीत ती सुमारे 46 टक्के असतात. समजा पेंड 46 रुपये किलो आहे. म्हणजे प्रथिनांचा एक किलो 100 रुपयांना पडला. मग 28 टक्क्यांचा चोथा 28 रुपयांच्या आत मिळाला, तरच दूधउत्पादकाने घ्यावा. पण बुरशी लागलेल्या मक्याचं अफ्लाटॉक्सिनसुद्धा तिप्पट होतं आणि गायीच्या दुधात उतरतं. तेव्हा तपासणीशिवाय स्वस्त चोथा घेऊ नये.

इथवर सगळ्यांचं भलं दिसतं. कारखाना चालतो, मक्याला भाव येतो, गोठ्याचा खर्च उतरतो. मग झळ कोणाला?

सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18 टक्के, बाकी बहुतेक पेंड. म्हणून सोयाबीनचा भाव मोठ्या प्रमाणात पेंडीवर ठरतो. कोंबडी आणि गुरांच्या खाद्यात चोथा शिरला, की पेंडीचं गिऱ्हाईक तेवढं कमी होतं. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा आधारभाव 4,892 रुपये होता, आणि लातूरसारख्या बाजारांत माल त्याच्या खाली विकला जात होता. जगभर सोयाबीनचं पीक मुबलक होतं, हेही कारण होतंच. पण चोथ्याचा वाटा नाकारता येणार नाही. फेब्रुवारी 2026 च्या भारत-अमेरिका संयुक्त निवेदनात आयातशुल्क कमी करायच्या मालात अमेरिकी डीडीजीएसचं नाव आलं. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याने ती ओळ वाचायला हवी होती.

इथेनॉलला माझा विरोध नाही. बाहेरून तेल आणणाऱ्या देशाला स्वतःचं इंधन हवंच, हे मी फौजी म्हणून जाणतो. पण इंधनाचं धोरण आखताना तेलबियांचं धोरण दुसऱ्या टेबलावर ठेवून चालत नाही. लिटरचा दर सरकार ठरवतं, मग त्या लिटरमागे उरणाऱ्या चोथ्याचा सोयाबीनच्या भावावर काय परिणाम होईल, हेही त्याच बैठकीत मांडलं पाहिजे. दक्षिण अर्काटमध्ये तो हिशेब कोणी वेळेवर मांडला नव्हता. आपल्याला अजून मांडता येईल.

जय हिंद.