चाळीस रुपयांचं पाणी

उमरठला गेलात तर तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी सेल्फी काढालच, मीही काढला. पण परतताना पोलादपूरवरून महाडला या आणि चवदार तळ्याच्या काठी जरा थांबा.

१९२३चा बोले ठराव सांगत होता, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले. १९२४ला महाड नगरपालिकेनं हे तळंही खुलं केलं. कागदावर! मार्च १९२७ला इथे बाबासाहेबांची परिषद भरली, गावोगावच्या वर्गणीवर. तळं शेजारी, तरी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं.

हा हिशेब मला टोचतो. वर्गणीतून परिषदेपुरती तहान भागते हो, पण रोज घरचा हंडा भरायला हक्कच लागतो. म्हणून २० मार्चला सगळे तळ्यावर गेले, पाणी प्यायले. मग मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, खटला चालला. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ला. दहा वर्षांनी!

आजही गावच्या टाकीसाठी मुंबईकर मंडळी वर्गणी काढतात. तुम्हीही जरूर भरा. फक्त एक विचारा: नळ कुणाच्या दारापर्यंत जाणार?

भेटू पुढच्या भागात!