दिनविशेष : २५ जुलै
२००९ : पहिल्या महायुद्धातील खंदकांत लढलेले अखेरचे ब्रिटिश सैनिक हॅरी पॅच यांचे इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात निधन. वय १११. व्यवसायाने प्लंबर असलेले पॅच सक्तीच्या भरतीत सैन्यात गेले. १९१७ मध्ये पॅशेंडेलच्या चिखलात ते लुइस मशिनगनच्या तुकडीत होते. २२ सप्टेंबरच्या रात्री तोफगोळा फुटून तीन सोबती ठार झाले. ते स्वतः जखमी झाले. १९१९ मध्ये लग्न, पुढे दोन मुलगे. दुसऱ्या महायुद्धात अग्निशमन दलात काम. पण पहिल्या महायुद्धाविषयी त्यांनी घरातही अवाक्षर काढले नाही. बोलते झाले ते शंभरीनंतर. २००४ मध्ये जर्मनीच्या बाजूने लढलेल्या शार्ल कुएन्त्झ यांना ते आवर्जून भेटले. पॅच यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अंत्यसंस्काराला आलेल्या सैनिकांनी मानाचीही शस्त्रे आणली नाहीत.