'पेमेंट पेंडिंग' म्हणजे नेमकं काय? काम पूर्ण झालं का, हे सांगणारा एपीआय कसा असावा

क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला, खात्यातून पैसे कापल्याचा मेसेजही आला, पण ॲपवर मात्र 'पेंडिंग'. दुकानदार म्हणतो, "अजून आले नाहीत." आता पुन्हा पैसे पाठवायचे की थांबायचं? याचं उत्तर त्या क्षणी तुमच्या ॲपकडेही नसतं. ते सर्व्हरला विचारतं, "झालं का?" हा प्रश्न विचारायची आणि त्याचं उत्तर द्यायची सोय, म्हणजेच एपीआय, चुकीची बनवली तर पैसे दोनदा जाऊ शकतात. म्हणून ती कशी बनवतात ते समजून घेऊया.

असिंक्रोनस काम म्हणजे काय?

दोन आकड्यांची बेरीज मोबाईल क्षणात करतो. पण व्हिडिओ अपलोड करणं, फाइल डाउनलोड करणं किंवा दुसऱ्या बँकेत पैसे पाठवणं याला वेळ लागतो. तेवढा वेळ ॲप नुसतं थांबून राहिलं तर स्क्रीन अडकते. म्हणून ॲप काम सोपवतं, एक पावती घेतं आणि पुढच्या कामाला लागतं. लॉन्ड्रीत कपडे टाकून पावती घ्यावी तसंच. अशा कामाला असिंक्रोनस काम म्हणतात.

ही पावती प्रत्येक ठिकाणी वेगळ्या नावाने मिळते. जावा आणि पायथनमध्ये तिला 'फ्यूचर' म्हणतात, जावास्क्रिप्टमध्ये 'प्रॉमिस'. वेब सर्व्हर '२०२ ॲक्सेप्टेड' हा कोड पाठवून सोबत कामाचा आयडी देऊ शकतो. २०२ चा अर्थ इतकाच की काम स्वीकारलं आहे. ते पूर्ण होईलच अशी हमी त्यात नसते.

'झालं का' हे कळण्याचे तीन मार्ग

१. पोलिंग: ॲप स्वतः थोड्या थोड्या वेळाने विचारत राहतं. बनवायला सोपं, पण सर्व्हरवर ताण येतो.
२. कॉलबॅक किंवा वेबहूक: काम झालं की समोरून कळवलं जातं. यात फुकटच्या फेऱ्या वाचतात, पण तो निरोप वाटेत हरवू शकतो.
३. दोन्ही मिळून: निरोपाची वाट बघायची आणि ठराविक वेळेत आला नाही तरच विचारायचं. पैशांच्या व्यवहारात हा मार्ग सगळ्यात भरवशाचा.

कॉलबॅकमध्ये एक बारीक अडचण असते. ॲपने विचारलं, "झालं का?", उत्तर आलं "नाही", आणि ॲप "झाल्यावर कळवा" असं सांगेपर्यंत काम उरकलं. मग निरोप येणारच नाही! जावास्क्रिप्टच्या प्रॉमिसमध्ये ही अडचण सोडवली आहे. काम आधीच पूर्ण झालेलं असलं, तरी नंतर जोडलेला कॉलबॅकही चालवला जातो.

फक्त 'हो' किंवा 'नाही' पुरत नाही

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. जावाच्या फ्यूचरमध्ये 'इज डन' नावाची सोय आहे. ती 'हो' म्हणाली तर काम यशस्वी झालं असं वाटेल, पण तसं नाही. काम यशस्वी झालं, एररने थांबलं किंवा रद्द केलं, तरी उत्तर 'हो'च येतं. 'संपलं' आणि 'जमलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून चांगला एपीआय निदान एवढ्या अवस्था वेगळ्या दाखवतो:

• चालू आहे
• यशस्वी झालं, हा घ्या निकाल
• अयशस्वी झालं, हे घ्या कारण
• रद्द केलं

यात पाचवी अवस्था ॲपच्या बाजूने येते: माहीत नाही. सर्व्हरकडून वेळेत उत्तर आलं नाही, म्हणजे टाइमआउट झाला, की बरेच नवे प्रोग्रामर 'फेल' असं लिहून मोकळे होतात. पण उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही असं नसतं. पैसे पोहोचले असतील आणि फक्त परतीचा निरोप अडकला असेल. अशा वेळी ॲपने 'फेल' दाखवलं, तर माणूस पुन्हा पैसे पाठवणारच.

त्यासाठीच प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा आयडी देतात. तीच रिक्वेस्ट त्याच आयडीने पुन्हा आली, तर सर्व्हरने नवा व्यवहार न करता जुन्याचीच स्थिती सांगायची. पण तुम्ही स्वतः पुन्हा स्कॅन करून पैसे पाठवले तर आयडी नवा तयार होतो, आणि तिथे हे संरक्षण मिळत नाही.

जास्त विचारलं तर काय होतं?

१२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडखळलं होतं. काही बँकांकडून 'चेक ट्रान्झॅक्शन' एपीआयवर, अगदी जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा, रिक्वेस्टचा पूर आला होता, असं एनपीसीआयच्या तपासात दिसलं. म्हणजे "झालं का, झालं का" विचारण्यानेच कामाचा रस्ता अडला.

त्यानंतर नियम कडक झाले. व्यवहार सुरू झाल्यापासून ९० सेकंदांनंतरच पहिल्यांदा स्थिती विचारायची आणि जास्तीत जास्त तीनदाच, असं तेव्हा सांगण्यात आलं. ठराविक एरर कोड आले तर व्यवहार फेल झाला असं धरायचं, पुन्हा विचारायचंच नाही. जून २०२५ पासून स्थिती सांगण्याची मुदतही ३० सेकंदांवरून १० सेकंदांवर आणली.

यातून एपीआय बनवणाऱ्याने काय घ्यायचं?

• पुन्हा कधी विचारायचं ते सर्व्हरनेच उत्तरात सांगावं.
• प्रत्येक वेळी अंतर वाढवत न्यावं: १, २, ४, ८ सेकंद. त्यात थोडा कमी-जास्तपणा ठेवावा, नाहीतर सगळे फोन एकाच क्षणी विचारतात.
• एकदा 'यशस्वी' किंवा 'अयशस्वी' ठरलं की उत्तर बदलू नये.
• निकाल काही काळ जपून ठेवावा. 'असा आयडीच नाही' आणि 'मुदत संपली' ही उत्तरं वेगळी असावीत.

मग पेंडिंग दिसल्यावर तुम्ही काय करायचं?

लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. दीड-दोन मिनिटं थांबा, मग ॲपच्या हिस्टरीत स्थिती बघा. व्यवहाराचा आयडी किंवा स्क्रीनशॉट जपून ठेवा. पैसे कापले गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमांनुसार ते आपोआप परत यायला हवेत: व्यक्तीला पाठवले असतील तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराला दिले असतील तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. पैसे आले नाहीत तर ॲपमधूनच त्या व्यवहारावर तक्रार नोंदवा.