चावी आपल्याकडे, रजिस्ट्री नाही : साठेखतावरच्या घराचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

आमच्या आर्वीत 'घर घेतलं' याचे दोन अर्थ होतात. एक, विक्रीपत्राची रजिस्ट्री झाली. दुसरा, इसार दिला, शंभराच्या स्टॅम्पवर साठेखत केलं, चावी घेतली आणि उरलेले पैसे हप्त्यानं चाललेत. दोघंही 'माझं घर' म्हणतात. ओळखीतलं एक कुटुंब दहा वर्षांपासून दुसऱ्या प्रकारच्या घरात राहतंय. मूळ मालक वारले. गेल्या दिवाळीत त्यांची मुलं आली आणि म्हणाली, "बाबांनी विकलं कुठं? घर खाली करा."

मी कोड लिहिणारा माणूस, वकील नाही. पण हा नियम आला कुठून, ते शोधत बसलो.

सुरुवात १८८२ ची. त्या वर्षी इंग्रज सरकारनं मालमत्ता हस्तांतरण कायदा आणला. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, म्हणून आर्वीला तो लगेच लागू झाला. मुंबई इलाख्यात, म्हणजे पुण्याकडे, तो १८९३ मध्ये पोचला. त्याचं कलम ५४ सांगतं की शंभर रुपयांच्या वरची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्तानंच विकली जाते, आणि विकण्याच्या नुसत्या करारानं त्या मालमत्तेत कसलाही हक्क तयार होत नाही. म्हणजे साठेखत हे 'विकीन' असं वचन. 'विकलं' हा शब्द त्यात नाहीच.

आता अडचण बघा. माणूस पैसे भरतो, राहायला येतो, भिंती बांधतो आणि विकणारा फिरतो. म्हणून १९२९ मध्ये कलम ५३-अ घातलं गेलं. करार लेखी आहे, विकणाऱ्याची सही आहे, त्या करारापोटी ताबा मिळालाय आणि घेणारा आपला वाटा पूर्ण करायला तयार आहे, तर विकणारा त्याला बाहेर काढू शकत नाही. ही ढाल आहे. घरात टिकवते, मालक बनवत नाही.

ही ढाल बहात्तर वर्षं नोंदणी नसलेल्या साठेखतालाही चालली. मग २४ सप्टेंबर २००१ पासून नियम बदलला. त्या तारखेनंतरचं साठेखत नोंदलेलं नसेल, तर ५३-अ चं संरक्षण नाही. २०११ मध्ये सुरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा बजावलं की साठेखत आणि मुखत्यारपत्र यांनी मालकी मिळत नाही.

मग लोक असे कागद करतात कशाला? कुठं प्लॉट एनए नसतो, कुठं भावाभावांची वाटणी झालेली नसते. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे बँक कर्ज देत नाही.

हेच कारण अमेरिकेतही होतं. शिकागोत काळ्या लोकांच्या वस्त्यांना गृहकर्ज मिळत नसे, म्हणून ते हप्त्याच्या करारावर घर घेत. क्लाइड रॉस यांनी १९६१ मध्ये असं घर २७,५०० डॉलरला घेतलं. विकणाऱ्यानं ते सहा महिन्यांपूर्वी १२,००० ला घेतलं होतं! शेवटचा हप्ता फिटेपर्यंत कागद त्याच्याकडे. एक हप्ता चुकला की घरही जाणार आणि भरलेले पैसेही. १९६८ मध्ये या लोकांनी संघटना केली आणि हप्ते देणं थांबवलं. कोर्टात ते हरले, पण शेकडो कुटुंबांचे करार नव्या अटींवर झाले.

आमच्या ओळखीतल्या कुटुंबाचं साठेखत २००१ नंतरचं आणि बिननोंदणीचं. म्हणजे ढाल नाही. पण रस्ता संपलेला नाही. विशिष्ट पूर्ततेचा, म्हणजे 'विक्रीपत्र करून द्या' असा दावा लावता येतो, आणि त्यात बिननोंदणीचं साठेखत पुरावा म्हणून दाखवता येतं. वारसांनाही वडिलांचा करार बांधतो. मात्र महाराष्ट्रात ताब्यासह साठेखताला विक्रीपत्राइतकं मुद्रांक शुल्क लागतं. शंभराचा स्टॅम्प कोर्टात अडतो, उरलेलं शुल्क दंडासकट भरावं लागतं.

आणि मुदत तीन वर्षांची. करारात विक्रीपत्राची तारीख ठरली असेल तर तेव्हापासून, नसेल तर समोरच्यानं नकार दिल्याचं कळलं तेव्हापासून. या कुटुंबाच्या करारात तारीख नाही. म्हणजे त्यांचं घड्याळ गेल्या दिवाळीत सुरू झालं. 'म्हातारी माणसं बसून मिटवतील' म्हणत ते थांबलेत, आणि मला भीती याचीच वाटते.

तुमच्या घरात असा कागद असेल तर आज रात्री कपाटातून काढा. तारीख बघा, नोंदणी बघा, पैशाच्या पावत्या एका जागी लावा. वकिलाची फी जड असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथं उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते. आईबाबा म्हणतील, "एवढी वर्षं काही झालं नाही." तेव्हा त्यांना हा भाग ऐकवा.